हा कंच्या डालग्यातला?

मी एक जुनं डालगं आहे, मित्रांनो, आणि मला उलटं ठेवल्याशिवाय माझा कुणालाच उपयोग नसतो. टोपली सरळ ठेवतात, पाटी डोक्यावर घेतात, सूप भिंतीला टेकवतात. माझं तोंड मात्र कायम जमिनीकडे आणि पाठ आभाळाकडे. त्या पाठीवर एक दगड ठेवलेला. दगडाचं ओझं वाहत मी आयुष्य काढलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार दुसऱ्याच गोष्टीची होती, ती पुढे सांगतो.

शेळीची नुकती जन्मलेली करडं माझ्याखाली झाकतात. आई रानात चरायला गेली की करडं तिच्यामागे पळू बघतात, आणि वाटेत कुत्री असतात. अंगणात मोकळी सोडावीत तर माती चाटून पोट बिघडवून घेतात. म्हणून सकाळी आईचं दूध पाजून त्यांना माझ्याखाली ठेवायचं आणि संध्याकाळी ती परत आली की मला उचलायचं. मला उचललं की जी धांदल उडते ना, ती पाहायला मी दिवसभर वाट बघतो.

माझा जन्म तेरचा. तिथल्या ईरण्णांनी मला बांबूच्या कामट्यांचं विणलं. नागूबाई आपल्या बहिणीकडे तेरला आल्या होत्या. त्या ईरण्णांच्या दारात बसून राहिल्या आणि सारखं म्हणत राहिल्या, "आनखी जरा ऐसपैस करा."

"आक्का, शेळीची करडं झाकायचीत का म्हशी?" ईरण्णांनी विचारलं.

"आमच्या हरणीचं दोनावर भागत न्हाय," नागूबाई म्हणाल्या. हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली होती, ते मला अजून आठवतं.

एसटीत मला मांडीवर घेऊन त्या बसल्या तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्येचं आर्धं तिकीट लागंल." नागूबाईंनी मला उचलून दाखवलं, आत कुणीच नव्हतं. सगळी गाडी हसली. अशा रीतीने हसत-खेळत मी भूमजवळच्या त्यांच्या वस्तीवर येऊन पडलो.

घरात तेव्हा तीन माणसं होती. नागूबाई, त्यांचे मालक धुळाप्पा आणि मुलगा धनाजी. शेळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या, आपल्या धाराशिवच्या. आणि माझ्याआधीच तिथं एक लहान डालगं होतं. ते तुरीच्या तुराट्यांचं, बसकं आणि जरा हेकट. आम्हा दोघांचं काम नागूबाईंनी वाटून दिलं होतं. एकटं करडू झालं तर ते लहान डालग्याखाली, आणि जुळी किंवा तिळी झाली तर माझ्याखाली. त्यालाही कारण होतं. मोठ्या डालग्यात एकट्या जिवाला थंडी वाजते. दोघं-तिघं असली की एकमेकांना चिकटून ऊब धरतात. नागूबाईंनी हा नियम कधी मोडला नाही.

हरणीनं पहिल्याच वर्षी माझ्याखाली तीन करडं घातली. शेळीला सड दोनच असतात, मित्रांनो. त्यामुळे दोघं प्यायची आणि तिसरं ढुशा मारत फिरायचं. नागूबाई त्याला आधी सोडायच्या, त्याचं होईपर्यंत बाकीच्यांना माझ्याखाली अडकवून ठेवायच्या. आत काय आरडाओरडा चालायचा म्हणून सांगू! तिघंही अंगानं बारीक राहायची, पण काटक निघायची. वस्तीवरच्या बायका यायच्या, माझ्यावरचा दगड बाजूला सारून आत डोकवायच्या आणि म्हणायच्या, "नागूबाई, तुझं डालगं लई गुणाचं हाय बग." यात माझा काडीचाही हात नव्हता. पण खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

अंगणात बसून बसून मलाही काही गोष्टी कळायला लागल्या. शेळी पहिल्यांदा व्याली की बहुतेक वेळा एकच करडू व्हायचं, ते लहान डालग्याकडे जायचं. तीच शेळी तिसऱ्या-चौथ्या वेताला माझ्याकडे यायची. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा भरपूर पडल्या आणि बोकड दाखवायच्या आधी नागूबाईंनी मूठ-मूठ मका चारला, की त्या खेपेला माझी गर्दी व्हायची. रान करपलेलं असताना, बरगड्या मोजता येतील अशा अंगानं शेळी फळली, की लहान डालगं खूश. मी हे कुणाला सांगू शकत नव्हतो. डालग्याला सगळीकडून भोकं असतात, तोंड मात्र नसतं.

त्या काळी शेळ्या शेजारच्या वस्तीवर बलभीमच्या बोकडाकडे न्यायचे. तो बोकड दिसायला अगदीच साधा होता. एके वर्षी त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. तेव्हा धनाजी म्हणाला, "आप्पा, आपन आपलाच बोकड पाळू की. दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?"

धुळाप्पांना ते पटलं. बोकड निवडायची त्यांची एक पद्धत होती, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. नर करडं तीन महिन्यांची झाली की एकेकाला पुढच्या पायांखाली हात घालून उचलायचं. जे सगळ्यात जड भरेल ते ठेवायचं, बाकीची बाजारात जायची. धुळाप्पा डोळे मिटून तोलायचे आणि म्हणायचे, "हात कदी खोटं बोलत न्हाय." त्यांचा हात खरंच खोटं बोलत नव्हता. मी समोरच बसलेलो असायचो. माझ्याखालच्या बारक्यांना ते उचलायचे आणि लगेच खाली ठेवायचे.

असा सरदार नावाचा बोकड ठेवला गेला. सरदारनंतर त्याचा मुलगा राजा. या राजाची गोष्ट सांगायलाच हवी. तो गंगी नावाच्या शेळीला एकटाच झाला. आईचे दोन्ही सड त्याच्या एकट्याचे. महिन्याभरात असा फुगला की लहान डालगं त्याला पुरेना. एक दिवस त्यानं वरचा दगड पाडला, डालगं पाठीवर घेतलं आणि तो अंगणभर चालू लागला. राजाचे पाय तेवढे खालून दिसत होते. धुळाप्पांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग ते जमिनीवर बसून हसले. त्याच वर्षी करिश्मा या घरात सून म्हणून आली होती. नवी नवरी पदर तोंडात धरून हसत होती. खरं तर मीही हसलो असतो, पण त्या दिवसापासून सगळे लहान डालग्याचंच कौतुक करायला लागले.

राजा मोठा झाला. धनाजी त्याच्या शिंगांना तेल चोळायचा, गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधायचा. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक आपल्या शेळ्या घेऊन यायचे आणि राजाभोवती एक चक्कर मारून मान डोलवायचे. धनाजी कमी बोलणारा माणूस, पण राजाचं नाव निघालं की त्याला शब्द सापडायचे. त्यानं त्याच्यावर मनापासून माया केली, हे मी पाहिलंय.

आणि हळूहळू मी रिकामा राहू लागलो.

आधी वाटलं, यंदाचं साल वाईट आहे. मग पुढचं सालही तसंच गेलं. शेळ्या व्यायच्या, करडू एकच निघायचं, गुबगुबीत आणि देखणं. लहान डालगं दोनदा मोडलं, दोनदा तारेनं बांधलं गेलं. मला मात्र गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. काही दिवस माझ्यात कांदे होते. मग एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली, निदान ती तरी आपली वाटायची. नंतर तीही येईना. रिकामं राहणं मला फार लागलं, मित्रांनो. ज्याच्या पोटात तीन-तीन जीव नाचले त्याला कांद्याची सालं पुरत नाहीत.

हरणी म्हातारी होऊन गेली. शेवटच्या वेतात तिनं माझ्याखाली तीन करडं दिली होती, त्यातली एक काजळी. काजळी नागूबाईंची लाडकी. हरणी त्यांनी माहेराहून आणली होती, तिचं शेवटचं बी म्हणून त्या काजळीला जपायच्या. पण काजळी दोनदा व्याली आणि दोन्ही वेळा एकेकच करडू झालं. धनाजीला वाटलं, शेळीतच खोट आहे. त्यानं ठरवलं, येत्या आठवडी बाजारात काजळीला विकायचं. नागूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्या काजळीजवळ बसून तिच्या कानामागे खाजवत राहिल्या.

बाजाराच्या आदल्या सकाळी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गौरीशंकर वस्तीवर शेळ्यांना लस टोचायला आले. पाऊस तोंडावर आला होता, वळीव तर पडूनही गेला होता. त्याच सकाळी करिश्मानं मला खुंटीवरून काढलं. सरपण ओलं होतं, अंघोळीचं पाणी तापायचं होतं. ती कोयता घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणजे काजळी उद्या जाणार होती आणि मी आजच.

"ही राहू द्या डॉक्टर, हिला उद्या बाजारात न्यायचीय," धनाजी काजळीकडे बोट दाखवून म्हणाला.

"का बरं? चांगली आहे की."

"एकच करडू देती. हिची आई तीन-तीन द्यायची."

डॉक्टरांनी काजळीच्या पाठीवरून हात फिरवला. कण्याची हाडं त्यांच्या बोटांना लागली. "पहिल्यांदा गाभण राहिली तेव्हा केवढी होती?"

"बारकीच व्हती," नागूबाई म्हणाल्या. "राजा मोकळाच असतुया. कवा लागला कळलंच न्हाय."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"भर उन्हाळ्यात. पाला न्हवता, काय न्हवतं."

"मग तिनं एक दिलं तेच खूप केलं," डॉक्टर म्हणाले. "कोवळ्या अंगाची शेळी आणि उपाशी अंगाची शेळी, दोघी एकावरच थांबतात. मावशी, बोकड दाखवायच्या आधी तीनेक आठवडे तिला मूठभर भरडा चारा. मग बघा."

नागूबाई धनाजीकडे बघत होत्या. धनाजीला ते पुरतं पटलं नव्हतं. "एक काजळीच न्हाय डॉक्टर. सगळ्याच तशा झाल्यात. हरणीच्या टायमाला घरात नुसती करडंच करडं असायची."

"बोकड कुठला?"

धनाजीचा चेहरा खुलला. तो राजाला घेऊन आला. डॉक्टरांनी राजाला चारी बाजूंनी पाहिलं आणि त्यांनाही तो आवडला. मग त्यांनी विचारलं, "हा एकटा जन्मला का जुळा?"

धुळाप्पा म्हणाले, "आता एवढं कोन ध्यानात ठेवतंय? म्या हातानं तोलून घेतला, सगळ्यात वजनी व्हता."

इतक्यात माझ्यासमोर बसलेल्या करिश्माचा कोयता थांबला. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, राजा एकटाच व्हता."

"तुला गं काय म्हाईत?"

"डालगं चालत व्हतं, आठवतंय का? म्या नवी व्हते तवा. राजा पाठीवर डालगं घेऊन अंगनात हिंडला. त्ये लहान डालगं व्हतं." तिनं माझ्यावर हात ठेवला. "ह्ये न्हवतं."

धुळाप्पा हसायला लागले आणि मधेच थांबले. नागूबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी पाहिलं. "सरदारबी लहान डालग्यातलाच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्या डालग्यातला एकबी नर आमी ठेवला न्हाय. बारका दिसतुया म्हनून समदी बाजारात गेली."

डॉक्टर खाली दगडावर बसले. त्यांनी समजावून सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. कुठल्या वेताला किती करडं होणार हे बोकडामुळे ठरत नाही, ते त्या शेळीच्या अंगावर आणि खाण्यावर ठरतं. पण बोकडाच्या लेकी आईसारख्या होतात तशा बापाच्या घराण्यासारख्याही होतात. एकट्या करडाला सगळं दूध मिळतं, म्हणून ते जड भरतं. आपण जडच ठेवत गेलो, तर एकेक देणाऱ्या शेळ्यांचंच रक्त कळपात पसरत जातं. सगळा दोष या निवडीचाच असतो असं नाही, पण थोडा थोडा साचत जातो. शिवाय घरातल्या लेकी घरातल्याच बोकडाला, हेही बरं नाही.

"धुळाप्पा, तुमचा हात बरोबरच सांगत होता," डॉक्टर म्हणाले. "आपण त्याला प्रश्न चुकीचा विचारला."

धनाजी राजाच्या गळ्यातला पट्टा दोन बोटांनी फिरवत उभा राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते दिसत होतं. ज्याला आपण लेकरासारखं वाढवलं त्याच्यामुळे घर रिकामं होत गेलं, हे ऐकणं सोपं नसतं. मग तो म्हणाला, "आये, काजळी ऱ्हाऊ दे. आनखी एक येत बगू."

करिश्मानं कोयता आत ठेवला आणि शेजारून सुकं सरपण मागून आणलं. त्या दिवशी अंघोळीला सगळ्यांनाच उशीर झाला.

राजा पुढच्या महिन्यात विकला गेला. मी त्याला नावं ठेवणार नाही. एकटं जन्मणं ही काही त्याची चूक नव्हती. धनाजी पिकअपमागे वस्तीच्या फाट्यापर्यंत चालत गेला आणि परत आल्यावर त्यानं घुंगरांचा पट्टा माझ्याच खुंटीला अडकवला.

काजळीला बाभळीच्या सुक्या शेंगा आणि मक्याचा भरडा मिळू लागला. नागूबाई स्वतः समोर बसून चारायच्या आणि दुसऱ्या शेळ्यांना काठीनं लांब ठेवायच्या. पावसानंतर रान हिरवं झालं, काजळीची पाठ भरली, तेव्हा धनाजी तिला घेऊन बलभीमकडे गेला. बलभीमनं आता नवा बोकड आणला होता. धनाजीनं पहिला प्रश्न काय विचारला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. "जुळ्यातला हाय," बलभीम म्हणाला, "पर दिसायला न्हाय हं तुझ्या राजासारखा." धनाजीनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि पहिल्यांदाच त्या गोष्टीवर हसला.

थंडीत काजळी व्याली. मला झाडून, शेणानं सारवून, उन्हात वाळवून अंगणात आणलं होतं. लहान डालगंही शेजारी होतं, तारेनं बांधलेलं आणि अजून तेवढंच हेकट. पहिलं करडू आलं. नागूबाई कोरड्या पोत्यानं त्याला पुसत राहिल्या आणि काजळी त्याला चाटत राहिली. बराच वेळ काही झालं नाही. धनाजीनं खाली मान घालून लहान डालग्याकडे हात नेला. मी तुम्हाला सांगतो, मित्रांनो, तेवढा वेळ मला सगळ्या रिकाम्या वर्षांपेक्षा जड गेला.

"थांबा की जरा," करिश्मा म्हणाली.

मग दुसरं आलं. तो नर होता, अंगानं बारका, एक कान दुमडलेला. नागूबाईंनी त्याच्या नाकातोंडातलं पुसलं, तो शिंकला, आणि त्या रडायला लागल्या. धनाजीनं मला उचललं आणि दोघांवर ठेवलं. वर दगड ठेवला. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीवर दगड आला आणि मला हलकं वाटलं.

नर करडं तीन महिन्यांची झाली तेव्हा निवडीचा दिवस आला. दोनच होती. एक गंगीचा, एकटा जन्मलेला, काळाकुळकुळीत आणि गोल. दुसरा काजळीचा तो दुमड्या कानाचा. वस्तीवरची चार माणसं पाहायला आली होती. धुळाप्पांनी गंगीच्या करडाला उचललं, डोळे मिटले, तोललं. मग काजळीच्याला उचललं. त्यांच्या हाताला फरक कळला, तो सगळ्यांना दिसला. आयुष्यभराची सवय त्या हातात होती. ते गंगीच्या करडाकडे वळले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तिथंच थांबले.

"धनाजी," त्यांनी विचारलं, "हा कंच्या डालग्यातला?"

धनाजीनं लहान डालग्याकडे बोट दाखवलं.

"आन ह्यो?"

धनाजीनं माझ्याकडे बोट दाखवलं. धुळाप्पांनी बारक्याला परत उचललं आणि छातीशी धरलं. जमलेली माणसं हसली, एकजण म्हणाला, "आप्पा, म्हातारपणी हात हलला का काय?" धुळाप्पाही हसले, पण त्यांनी बारक्याला खाली ठेवलं नाही. खुंटीवरचा घुंगरांचा पट्टा बारक्याला फार मोठा होता. करिश्मानं त्याला दोन नवी छिद्रं पाडून दिली.

आता या घरात कुठलंही करडू निवडायचं असलं की आधी तो प्रश्न विचारतात आणि मगच हात लावतात. बारक्याच्या आईबहिणींना मात्र बलभीमच्या बोकडाकडेच नेतात.

मी आता जुना झालोय. माझ्या चार-पाच कामट्या तुटल्यात, करिश्मा त्या सुतळीनं बांधते. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घरात एखादी वस्तू रिकामी पडलेली दिसली तर ती टाकायच्या आधी एकदा विचारा, की ही रिकामी का पडली? मला जळणात घालायला निघालेल्या माणसांनी तो विचार केला, म्हणून काजळी आज रानात चरते आहे. जास्त बोलायला मला सवड नाही. तिची या वेताची करडं माझ्याखाली आहेत, आणि त्यातलं एक मघापासून माझी काडी चावतंय.